दगड वाजवून पाहणारी माणसे

कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरेबेणकलच्या डोंगरावर आमच्या वाटाड्याने केलेली एक लहानशी कृती माझ्या मनातून जात नाही. मी एका शिलागृहासमोर उभा होतो. तीन बाजूंना उभ्या केलेल्या ग्रॅनाइटच्या शिळा, त्यांवर आडवे टाकलेले एकाच दगडाचे छत आणि आत साठलेला गुडघाभर अंधार, एवढाच तो ऐवज. पण वय अडीच हजार वर्षांच्या आसपास. इथे कोणाला पुरले असेल, हाडे मिळाली आहेत का, गावातले लोक या जागेला भितात का, असे प्रश्न मी त्याला एकामागून एक विचारत होतो. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, एकाचेही उत्तर दिले नाही आणि पुढे होऊन डाव्या बाजूची शिळा बोटांच्या पेरांनी ठोकली. हात वीतभर खाली नेऊन पुन्हा ठोकली. बाजारात मडके वाजवून घेणारे गिऱ्हाईक कान कलता करून थांबते, तसा तो क्षणभर थांबला, आणि मग त्या भागातल्या दख्खनी हिंदीत म्हणाला, "ये अच्छा बोलता, साब." उजव्या बाजूची शिळा त्याने तशीच ठोकली आणि नाक मुरडले. ती बद्द वाजत होती.

माझे सारे प्रश्न मृतांविषयीचे होते. त्याचा एकमेव प्रश्न दगडाविषयीचा होता, आणि उत्तर मिळाले होते ते त्यालाच.

हंपीला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या काही कमी नाही. विठ्ठल मंदिर, हजारराम, मातंग टेकडीवरचा सूर्योदय हे सर्व आपल्याकडच्या सहलींच्या यादीत पक्के बसलेले आहे. तुंगभद्रा ओलांडून गंगावतीच्या बाजूला गेले की मात्र गर्दी विरळ होत जाते, आणि गंगावतीच्या पश्चिमेला असलेल्या या डोंगरांकडे क्वचितच कोणी वळते. गाव सोडल्यावर वाट शेतांच्या बांधावरून जाते आणि मग अचानक गोट्यांच्या राज्यात शिरते. गोटे म्हणजे घराएवढे, एकमेकांच्या खांद्यावर रेललेले, पावसाने काळे पडलेले आणि जिथे ताजा तुकडा निघाला आहे तिथे गुलाबी. काटेरी झुडपे पायजम्याला धरून ठेवतात. पायाखालचा कातळ सकाळी नऊ वाजताच तापू लागतो आणि त्याच्यावरून चालताना बुटांचा तळ किंचित चिकटल्यासारखा होतो. वाटाड्याच्या हातात काठी होती. या टापूत अस्वले आहेत, असे त्याने चढ सुरू झाल्यावर सांगितले. गावात सांगितले असते तर काही बिघडले नसते, असे माझ्या मनात येऊन गेले.

वर पोहोचल्यावर जे दिसते त्याची छायाचित्रे मी आधी पाहिली होती, तरीही त्याचा काही उपयोग झाला नाही. छायाचित्रात एक शिलागृह दिसते, फार तर चार दिसतात. प्रत्यक्षात ती सर्व बाजूंनी उगवत जातात. सुमारे ४०० स्मारके या परिसरात मोजली गेली आहेत: काही कमरेइतकी बुटकी, काही माझ्या डोक्याहून उंच, काही अजून ताठ, कित्येक पत्त्यांसारखी कोसळलेली. त्यांच्यामधून चालताना एखाद्या वस्तीच्या गल्लीतून चालल्याचा भास होतो आणि त्या भासाची थोडी लाजही वाटते, कारण ही वस्ती जिवंत माणसांची नव्हती. जिवंत माणसे माती, लाकूड आणि गवताच्या घरांत राहिली असणार; त्यांतले जमिनीवर काही उरले नाही. ज्यांना छपराची गरज संपली होती, त्यांना मात्र दगडाचे छत मिळाले.

यावर हळवे होणे सोपे आहे, आणि मीही तसा झालो होतो. वाटाड्याच्या त्या ठोकण्याने त्या हळवेपणाला तडा गेला.

त्याच्या घराण्यात दोन पिढ्या खाणीवर काम करत आल्या आहेत, हे उतरताना कळले. कोप्पळ जिल्हा आणि शेजारचा इलकलचा भाग ग्रॅनाइटसाठी प्रसिद्ध आहे. शहरांतल्या कचेऱ्यांच्या चकचकीत फरश्यांमध्ये इथला गुलाबी दगड बसलेला असतो. खाणीवरच्या माणसाला प्रत्येक शिळेविषयी पहिली शंका एकच असते: आत चीर आहे का? चीर डोळ्यांना दिसत नाही. पॉलिश झाल्यावर दिसते, पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून दगड ठोकून पाहायचा. सलग दगड खणखणतो. आतून सुटलेला दगड बद्द बोलतो. ही विद्या पुस्तकात नसते, आणि ती त्याला कोणी मुद्दाम शिकवलीही नव्हती. शिलागृहासमोर त्याने केले ते केवळ इतकेच, की तयार मालाकडे धंद्यातल्या माणसाच्या नजरेने, खरे तर कानाने, पाहिले आणि ज्याने ही शिळा निवडली त्याला पसंतीची पावती दिली. मधल्या अडीच हजार वर्षांचे त्याला काही विशेष वाटत नव्हते.

त्यानंतर मीही ठोकत सुटलो. वाटाड्याला त्याची गंमत वाटली. उभ्या शिळांपैकी पुष्कळ स्वच्छ वाजत होत्या. आवाज अगदी घंटेसारखा नसला तरी बोटाला परत एक बारीक धक्का देणारा. पडलेल्या शिळा, त्यांचे तळ जमिनीला टेकलेले असल्यामुळे, काही बोलत नव्हत्या. छताच्या दगडांपर्यंत हात पोहोचत नव्हता, तेव्हा तो काठीच्या बुंध्याने ठोकायचा. काही ठिकाणी एकाच शिळेच्या वरच्या भागाचा आवाज एक आणि खालच्याचा दुसरा येत होता. तेव्हा तो बोटाने एक आडवी रेघ हवेत ओढून दाखवायचा: चीर इथून इथवर. मला तिथे काहीही दिसत नव्हते.

सह्याद्रीच्या किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाला हा दगड परका वाटतो. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. तो थंड होताना उभ्या भेगा पडतात आणि तो ठोकळ्यांत फुटतो. त्याचे चिरे उत्तम निघतात, त्यात लेणी कोरता येतात, पण दहा फूट लांब आणि वीतभर जाड असा पत्रा त्यातून सहजासहजी हाती लागत नाही. ग्रॅनाइटचे तसे नाही. इथला ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोल थिजला. त्याच्या डोक्यावरचे मैलोन्मैल खडक युगानुयुगे झिजून गेले, भार उतरला, आणि भार उतरल्यावर तो कातळ वरच्या अंगाने पापुद्र्यांत सुटत गेला. डोंगराच्या उघड्या पाठीवर हे पापुद्रे आजही दिसतात: वीतभर, हातभर जाडीचे, कडेला थोडे उचललेले, खाली बोटभर फट. त्या फटीत सरडे असतात. म्हणजे शिळा तयार करण्याचे अर्धे काम निसर्गाने करून ठेवलेले होते. उरलेले अर्धे काम म्हणजे कोणता पापुद्रा पुरता सुटला आहे, कोणता अजून अंगाला धरून आहे आणि कोणत्याला मध्येच दगा आहे, हे ओळखणे. ते ओळखायला ठोकण्याशिवाय दुसरे कोणते साधन त्या माणसांजवळ असणार? आमच्या वाटाड्याच्या बोटांची हालचाल या डोंगरावर नवी नव्हती, असे मला वाटते ते यामुळे. याला पुरावा मागितला तर माझ्याजवळ फक्त त्या फटी आहेत.

स्मारकांच्या सोबतीला वर एक तळे आहे. ज्या जागेतून शिळा काढल्या तिथेच पाणी साठून ते झाले असावे, असे अभ्यासक मानतात. तळ्याच्या काठी बसल्यावर सगळ्या कामाचा क्रम नजरेसमोर उभा राहतो, कारण त्यात लांबचे काही नाही. दगड इथला, पाणी इथले, चढण माणसांच्या पायांची. डोंगरावर एवढाले दगड कसे नेले, हा प्रश्न अनेकजण भारावून विचारतात; त्याचे उत्तर, ते नेलेच नाहीत, ते आधीपासून वर होते, इतके सरळ आहे. डोंगरमाथा निवडण्यामागे आकाशाची, पूर्वजांची, दूरवरून दिसण्याची कारणे असतीलच. चांगला दगड तिथे होता, हेही एक कारण मानायला हरकत नसावी.

हंपीत, जरा डोळे उघडे ठेवले तर, कोणत्याही मोठ्या गोट्यावर पाचरींच्या खाचांची रांग दिसते. विजयनगरच्या पाथरवटांनी एका ओळीत खाचा पाडल्या, त्यांत पाचरी ठोकल्या आणि दगड हव्या त्या रेषेत फोडला. कित्येक गोटे अर्धवट फुटून तसेच राहिले आहेत आणि त्यांच्या कडा टाके उसवलेल्या कापडासारख्या दिसतात. तिथे माणूस दगडाला आज्ञा देतो. हिरेबेणकलच्या शिळांच्या कडा वेडीवाकडी वळणे घेतात, एक बाजू रुंद, एक अरुंद, वरची कड कुठे गोलसर. दगडाने जिथे सुटायचे ठरवले तिथे तो सुटू दिला आणि मग जुळवून घेतले. मला हंपी आवडते. पण या दोन जागा लागोपाठ पाहिल्यावर हंपीतला दगड थोडा थकल्यासारखा वाटला, हे नोंदवून ठेवतो.

तरीही हे काम हलके होते असे समजायचे कारण नाही. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाड अशी एक छताची शिळा कल्पनेत घेतली, तर तिचे आकारमान दीड घनमीटर होते आणि ग्रॅनाइटच्या हिशेबाने वजन चार टनांच्या घरात जाते. उचलायची म्हटली तर माणशी ५० किलो धरून ८० माणसे लागतील, आणि ८० माणसांना त्या शिळेच्या कडेला हात लावायलाच जागा पुरणार नाही. तेव्हा ती उचलली नसणार. मातीचा आणि दगडगोट्यांचा उतार रचून, लाकडे टाकून, पहारीसारख्या दांड्यांनी सरकवत वर नेली असणार. त्यासाठी ताकद लागते त्याहून अधिक एकमत लागते. कोणी तरी हाक द्यायची आणि सगळ्यांनी त्या हाकेवर एकाच क्षणी जोर लावायचा. असा क्षण चुकला तर काय होते, हे खाणीवरच्या माणसाला विचारावे लागत नाही. वाटाड्याच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना नखे नव्हती.

काही शिलागृहांच्या पुढच्या शिळेला गोल भोक आहे. बाहेरून पाहताना ते प्रथम खिडकीसारखे दिसते. त्यातून हात सहज जातो, खांदा जाईल की नाही हे त्या भोकावर अवलंबून. ग्रॅनाइटच्या पातळ पत्र्याला मधोमध वर्तुळ पाडणे ही सगळ्या कामातली सर्वात जोखमीची पायरी असली पाहिजे, कारण इथवर आलेला दगड या एका टप्प्यावर दुभंगला की आधीची सगळी मेहनत वाया. तरी ते पाडले, याचा अर्थ त्याची निकड होती. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९४७ साली चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला उत्खनन केले तेव्हा तिथल्या जमिनीत पुरलेल्या दगडी पेट्यांनाही पूर्वेच्या अंगाला अशी भोके मिळाली, आणि आत एकाहून अधिक माणसांची हाडे, तीही अख्खा सांगाडा न ठेवता, आधी कुठेतरी देह झिजू देऊन मग गोळा करून आणलेली. म्हणजे मृत्यूनंतर ताबडतोब काहीच संपत नव्हते. देह एकीकडे, हाडे मागाहून दुसरीकडे, आणि दार उघडेच. पुढचा कोणी गेला की पुन्हा यायचे. हिरेबेणकलच्या उघड्यावरच्या कित्येक शिलागृहांत मुळात कोणी पुरलेलेच नसेल, ती निव्वळ स्मरणाची असतील, असेही मत आहे. माझ्या प्रश्नाला वाटाड्याने उत्तर दिले नाही ते किती योग्य होते, हे असे वाचत गेल्यावर कळते.

दुपारी ऊन चढल्यावर तो एका मोठ्या शिलागृहात जाऊन बसला आणि मलाही आत बोलावले. मी बाहेर घुटमळलो. थडग्यात बसून डबा खाणे माझ्या संस्कारांत बसत नव्हते. आणि त्याच वेळी बाहेरच्या कातळावर उभे राहणेही शक्य नव्हते. आत गेलो. आतली हवा बाहेरच्यापेक्षा स्पष्ट थंड होती, जमिनीवर शेळ्यांच्या लेंड्या वाळलेल्या होत्या, शिळेच्या आतल्या अंगाला पाठ टेकली तेव्हा तिचा गारवा शर्टातून हळूहळू आत आला. पिढ्यान्‌पिढ्या गुराखी इथे असेच बसत आले असणार. पवित्रतेची माझी कल्पना त्या सावलीत जरा सैल झाली, पण पूर्ण गेली नाही; जेवताना मी हलक्या आवाजात बोलत होतो हे माझ्या लक्षात आले, आणि तो नेहमीच्याच आवाजात बोलत होता.

तिथेच त्याने मोरियांची गोष्ट सांगितली. या डोंगराला गावात मोरियर गुड्ड म्हणतात. मोरिया म्हणजे फार पूर्वीची बुटकी माणसे, हातभर उंचीची, अंगात मात्र विलक्षण बळ. त्यांनी ही घरे बांधली, आणि पुढे आकाशातून आगीचा पाऊस पडला त्यात ती सारी संपली. दक्षिणेत अशा शिलागृहांविषयी थोड्याफार फरकाने ही कथा ठिकठिकाणी ऐकू येते. कुठे मोरियांच्या जागी पांडव येतात. मला या कथेचे कौतुक वाटते ते तिच्या तर्कासाठी. घर लहान आहे, म्हणून राहणारा लहान. दगड जड आहे, म्हणून राहणारा बलवान. आता कोणी नाही, म्हणून सगळे एकदम मेले. समोर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब त्यात लागतो. उलट आजकाल अशा जागांवर परग्रहवासी आणि लुप्त महाशक्तींची जी चलचित्रे फिरतात, त्यांत दगडाकडे कोणी पाहिलेलेच नसते. ज्या पाथरवटांनी भोक पाडताना श्वास रोखला असेल, त्यांचे श्रेय एका फटक्यात दुसऱ्या ग्रहावर पाठवून द्यायचे, ही मला शुद्ध कृतघ्नता वाटते.

युरोपीय अधिकाऱ्यांच्या काळीही पहिला प्रश्न थडग्याचाच होता. निजामाच्या मुलखातल्या सुरपूरचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने १८५० च्या दशकात त्या भागातली महापाषाणीय, म्हणजे अशाच मोठाल्या दगडांची, स्मारके नोंदवली, काही खोदली आणि त्यांची तुलना आपल्या मायदेशाकडच्या तशाच दगडी रचनांशी केली. काम मोलाचे होते. पण दोन टोकांचे दगड सारखे दिसतात म्हणून बांधणारेही एका वंशाचे असावेत, हा मोह त्या काळाला आवरत नसे. दगडाच्या चार पत्र्यांचे घर उभे करायचे तर जगात कुठेही ते साधारण असेच उभे राहील, हे सांगायला आमचा वाटाडा पुरेसा होता.

उलट दगड बदलला की घर बदलते. केरळात जांभा आहे. जमिनीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, म्हणून तिथे दगडी छत्र्या दिसतात, जांभ्याच्या पाकळ्या उभ्या करून त्यांवर घुमटी टोपी ठेवलेली. विदर्भात काळ्या पाषाणाचे धोंडे आहेत, म्हणून नागपूरजवळच्या जुनापाणीला धोंड्यांची वर्तुळे आहेत, सुमारे ३००, आणि काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे. तिथे उंच डोंगर नाही, शिलागृह नाही, छायाचित्रात फारसे काही उठून दिसत नाही. त्यामुळे आपल्याच राज्यात असून जुनापाणी बहुतेकांना ठाऊक नाही. आणि गडचिरोलीतल्या भामरागडकडे माडिया आदिवासी आजही मृतांच्या नावाने दगड उभे करतात. ते ठरवून, नातलग जमवून, जेवण घालून केलेले काम आहे. महापाषाणयुग संपले, अशी तारीख पुस्तकात छापली जाते तेव्हा मला त्या उभ्या दगडांची आठवण होते.

काळाच्या बाबतीतही हाच गोंधळ होतो. हिरेबेणकलची स्मारके साधारणपणे इ. स. पू. ८०० ते २०० या कालखंडात ठेवली जातात. आपण त्यांना प्रागैतिहासिक म्हणून मोकळे होतो, आणि तो शब्द उच्चारताच ती गुहेत, अंधारात, अग्नीचा शोध लागत असलेल्या काळात जाऊन बसतात. प्रत्यक्षात याच कोप्पळ जिल्ह्यात, कोप्पळ गावाला लागून असलेल्या गवीमठ आणि पालकीगुंडू या टेकड्यांवर अशोकाचे लघुशिलालेख आहेत. इ. स. पू. तिसऱ्या शतकात कोणी तरी ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कातळावर लिहीत होते की, मी उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि प्रयत्न केला तर मोठ्यांप्रमाणे लहानांनाही स्वर्ग मिळू शकतो. त्या सुमारास इकडे शिलागृहे उभारण्याची रीत पुरती थांबलेली नव्हती. लेख वाचू शकणारे किती असतील कोण जाणे. पण छिन्नीचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. राजाचा माणूस दगडावर काय करतो आहे हे पाहायला या डोंगरांतला एखादा पाथरवट गेला असेल आणि आधी त्याने कातळ ठोकून पाहिला असेल, ही माझी कल्पना आहे, आणि ती मला सोडवत नाही.

परतण्याआधी वाटाड्याने नगारा दाखवला. एका दहा मीटर उंचीच्या प्रचंड गोट्यावर दुसरा अर्धगोल दगड बसलेला आहे, दोन मीटरहून अधिक व्यासाचा, खालून निमुळता, वर सपाट. आकार किल्ल्यांच्या नगारखान्यातल्या नगाऱ्याचाच. वर चढणे सोपे नाही. मी शेवटच्या टप्प्यावर गुडघे वापरले. त्याने एक गोटा उचलला आणि त्या दगडावर मारला. मला ठणत्कार अपेक्षित होता. आला तो खोल, रुंद, पायांतून वर चढणारा आवाज, आणि समोरच्या डोंगराने तो अर्ध्या क्षणाने परत केला. एक किलोमीटरवर तो ऐकू जातो असे म्हणतात. खाली शेतात वाकलेली एक बाई उठून उभी राहिली आणि तिने आमच्या दिशेने पाहिले, एवढे मी पाहिले. हा इशारा होता, बोलावणे होते, की मृतांना निरोप, हे सांगता येणार नाही. शिळा निवडताना ज्यांचा कान तयार झाला, त्यांना आपल्या डोंगरावरचा सर्वात मोठ्याने बोलणारा दगड सापडला नसता तरच नवल होते.

बळ्ळारीजवळच्या कुपगल टेकडीवर याहूनही जुना पुरावा आहे. तिथे नवाश्मयुगीन लोकांनी डोलेराइटच्या काळ्या धोंड्यांवर गुरांची आणि माणसांची चित्रे कोरली, आणि काही धोंडे असे आहेत की ठराविक जागी गोट्याने मारले तर घंटेसारखे वाजतात. त्या ठराविक जागा वारंवारच्या आघातांनी झिजून खोलगट झाल्या आहेत. १८९२ मध्ये या टेकडीविषयी लिहिले गेले होते. पुढे ती जवळपास विस्मरणात गेली आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ निकोल बोइव्हिन यांनी तिचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा टेकडीच्या एका अंगाला खडीसाठी दगड काढणे चालू होते. वाजणारा दगड म्हणजे आत चीर नसलेला, सलग, कठीण दगड. खडीला तोच उत्तम.

हिरेबेणकलला खडीपेक्षा गुप्तधनाने अधिक छळले. आत सोने असेल या आशेने लोकांनी शिलागृहांच्या जमिनी उकरल्या, पायाची माती गेली, आणि मग उभ्या शिळा पावसाळ्यागणिक झुकत गेल्या. मे २०२१ मध्ये ही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्याच वेळी यादीत आलेल्या नावांत आपले मराठा लष्करी स्थापत्यही होते. त्या किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा पूर्ण दर्जा मिळाला. आपल्याकडे त्याचा केवढा आनंद झाला ते सर्वांनी पाहिले. हिरेबेणकलसाठी इतक्या मोठ्याने कोण बोलणार? तिथे कोणता राजा नाही, लढाई नाही, बांधणाऱ्यांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. तिथे पायऱ्या, कठडे, तिकीटघर आणि माहितीचे फलक यावेत असे मला वाटते आणि वाटतही नाही. सिमेंटची पायवाट आली की शेळ्या जातील, शेळ्या गेल्या की गुराखी जातील, आणि गुप्तधनवाल्यांना हटकणारे तेच तर आहेत.

तरी एक काम कठडे आणि तिकीटघराची वाट न पाहता सुरू करता येईल. जुन्या इमारतींचे जतन करणारे तज्ज्ञ गिलावा आतून सुटला आहे का हे हातोडीने हलके ठोकूनच तपासतात. तेच इथे प्रत्येक उभ्या शिळेचे करावे. शिळा ठोकावी, आवाज मुद्रित करावा, कुठे खणखणीत आणि कुठे बद्द ते आराखड्यावर खुणेने मांडावे, आणि काही वर्षांनी पुन्हा तेच करून चीर किती सरकली ते ताडून पाहावे. ठोकण्यासाठी खाणीवरची माणसे घ्यावीत आणि त्यांना रीतसर मजुरी द्यावी, अभियंत्याच्या हाताखाली नव्हे, बरोबरीने. उतरताना आमच्या वाटाड्याने मला दोन शिलागृहे दाखवली होती, ज्यांची एकेक बाजू आतून पार सुटलेली आहे. त्याच्या मते अजून चार-पाच पावसाळे निघतील. त्यांच्या छताला आधार द्यायचा असेल तर लाकडी धिऱ्यांचे काम एखाद्या आठवड्याचे आहे, आणि ते पावसाळ्याआधी व्हायला हवे.